विधिसंहितांचे संबंधजाल : ‘झुडपी जंगल’ या महसुली संज्ञेच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

कायद्याचा ग्रंथ वाचणाऱ्यास एक अनुभव हटकून येतो. एखादे कलम समजून घ्यावे म्हणून पान उघडावे, तर ते कलम दुसऱ्या कलमाकडे बोट दाखविते. ते दुसरे कलम एखाद्या वेगळ्याच अधिनियमाकडे, आणि तो अधिनियम न्यायालयाच्या निर्णयाकडे. वकील मंडळी हा प्रवास सवयीने करतात. सामान्य वाचक मात्र दोन-तीन वळणांनंतर वाट चुकतो. कोणतीही विधिसंहिता एकटी उभी नसते, तिचा अर्थ तिच्या शेजाऱ्यांवरून ठरतो, हे विधान जुनेच आहे. या शेजारसंबंधांची मोजदाद करून त्यांचा नकाशा काढणारी पद्धती मात्र त्या मानाने नवी असून इंग्रजी ग्रंथांत ती ‘नेटवर्क ॲनालिसिस’ या नावाने ओळखली जाते. प्रस्तुत लेखात तिला ‘संबंधजाल-विश्लेषण’ असे म्हटले आहे.

या पद्धतीचा परिचय करून देणे हा लेखाचा पहिला हेतू होय. दुसरा हेतू ती आपल्या भूमीतील एका प्रश्नावर लावून पाहण्याचा आहे. दि. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंद असलेल्या जमिनी या वनजमिनीच होत, असा निर्णय दिला. ही नोंद असलेले क्षेत्र सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. या जमिनींवर आज घरे आहेत, शाळा आहेत, स्मशाने आहेत. महसुली दप्तरातील दोन शब्दांनी एवढे सामर्थ्य कोठून मिळविले, हा प्रश्न जितका कायद्याचा तितकाच दस्तऐवजांच्या परस्परसंबंधांचा आहे. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, केवळ नामोल्लेखांचे जाळे काढले तर या प्रकरणातील निर्णायक दुवा दिसतच नाही. कारण तो एका अधिनियमाने दुसऱ्याच्या केलेल्या उल्लेखात नसून दोहोंकडे आलेल्या एका शब्दात आहे.

पद्धतीची मूलतत्त्वे :

संबंधजालात दोनच घटक असतात : बिंदू आणि दुवा. प्रत्येक अधिनियम, कलम वा न्यायनिर्णय हा एक बिंदू; एकाने दुसऱ्याचा आधार घेतला की त्या दोहोंमध्ये एक दुवा. हा दुवा बाणासारखा असतो. १९९६ चा निर्णय १९८० च्या अधिनियमाचा उल्लेख करतो. याच्या उलट सहसा घडत नाही. एखाद्या बिंदूकडे येणारे बाण मोजले असता त्याचा आधार किती जणांनी घेतला हे कळते, तर त्याच्यापासून निघणारे बाण मोजले असता त्याने स्वतः किती जणांचा आधार घेतला हे कळते. तिसरे आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे माप ‘मध्यस्थता’ हे होय. दोन दूरच्या बिंदूंना जोडणारी वाट ज्या बिंदूवरून जाते, तो बिंदू मध्यस्थ. गावाच्या नाल्यावर एकच पूल असेल तर त्यावरून रोज किती माणसे जातात याला महत्त्व नाही. तो पडला तर दोन्ही काठ तुटतात, यात त्याचे महत्त्व आहे.

पुलांचे उदाहरण येथे योगायोगाने आलेले नाही. या शास्त्राचा आरंभच ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये कोनिग्जबर्ग नगरीच्या सात पुलांसंबंधी सोडविलेल्या कोड्यापासून मानला जातो. विधिक्षेत्रात मात्र या विचाराचे व्यावहारिक रूप गणिताच्या आधी व्यापारात अवतरले. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये, कोणत्या निवाड्याचा पुढे कोठे उल्लेख झाला याची सूची विकण्यास प्रारंभ केला. या सूचीपासूनच प्रेरणा घेऊन यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानलेखांच्या उल्लेखसूचीची कल्पना मांडली, आणि उल्लेखावरून महत्त्व ठरविण्याचे हेच सूत्र १९९८ मध्ये गूगलच्या संस्थापकांनी संकेतस्थळांना लावले. म्हणजे आज महाविद्यालयातील विद्यार्थी संगणकावर जे शोधतो, त्यामागील एक कल्पना वकिलांच्या कपाटातून निघालेली आहे! त्यानंतर २००७ मध्ये जेम्स फाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २६ हजारांहून अधिक निर्णयांचे संबंधजाल काढून, उल्लेखांच्या रचनेवरून महत्त्वाचे निर्णय ओळखता येतात, हे दाखविले.

आपल्याकडे या कामाची सामग्री नाही असे नाही. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ ही निवाड्यांची मालिका आपल्या नागपूरहून प्रसिद्ध होते आणि तिच्यातील निवाडे १९१४ पासूनचे आहेत. २००८ पासून ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळावर प्रत्येक निवाड्यासोबत त्याने कोणाचा आधार घेतला व त्याचा आधार कोणी घेतला, या दोन्ही याद्या विनामूल्य उपलब्ध आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विधिविषयक एकही नियतकालिक येत नाही, तेथील अध्यापकासही आता हे काम करता येते.

उल्लेखांची संख्या आणि तिच्या मर्यादा :

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बाण मोजणे म्हणजे मान्यता मोजणे नव्हे. आणीबाणीच्या काळातील ए. डी. एम. जबलपूर खटल्याचा १९७६ चा निर्णय पुढील निकालांत व ग्रंथांत वारंवार उल्लेखिला गेला, तो बहुतांशी टीकेसाठी; अखेर २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयात तो रद्दबातल ठरविण्यात आला. संख्येच्या दृष्टीने असा निर्णय मोठा, अधिकाराच्या दृष्टीने शून्य. म्हणून प्रत्येक दुव्यावर त्याचा प्रकार लिहिणे अगत्याचे ठरते : अनुसरला, वेगळा ठरविला, की फेटाळला. अधिनियमांच्या बाबतीत याहून निराळे प्रकार लागतात. ‘अमुक अधिनियमातील व्याख्येप्रमाणे’ हा उसनवारीचा दुवा. ‘अमुक अधिनियमात काहीही असले तरी’ हा वर्चस्वाचा दुवा. ‘अमुक अधिनियमास बाध न येता’ हा सहवासाचा दुवा. तिन्हींना सारखाच बाण काढणाऱ्या नकाशाचा वकिलास वा ग्रामसभेस काही उपयोग नाही.

उल्लेख कोणत्या कारणासाठी झाला हेही पाहावे लागते. ‘शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य’ या १९५८ च्या निर्णयाचे उदाहरण बोलके आहे. जमीनदारी निर्मूलनापूर्वी पतीने पत्नीस दिलेला जंगलतोडीचा हक्क निर्मूलनानंतर टिकतो काय, असा तो वाद होता. खटला उद्भवला जुन्या मध्य प्रदेशात; पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेमुळे प्रतिवादी म्हणून नाव आले मुंबई राज्याचे. आज हा निर्णय विद्यार्थी वाचतो तो मालमत्ता हस्तांतरणाच्या अभ्यासक्रमात, उभी झाडे स्थावर की जंगम या प्रश्नासाठी. जंगलावरील हक्कांचा मूळ संदर्भ त्या उल्लेखांत जवळजवळ पुसला गेला आहे. संबंधजालात असे समूह स्पष्ट दिसतात : एकाच निर्णयाचे दोन-तीन वेगवेगळे वाचकवर्ग असतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नसते.

झुडपी जंगल : दस्तऐवजांचा नकाशा :

आता प्रत्यक्ष प्रश्नाकडे वळू. त्यासाठी मोजकेच दस्तऐवज घेतले आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७. मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, १९५०. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. वन (संवर्धन) अधिनियम, १९८०. गोदावर्मन खटल्यातील दि. १२ डिसेंबर १९९६ चा आदेश. वन हक्क अधिनियम, २००६. १९८० च्या अधिनियमातील २०२३ ची सुधारणा. आणि २०२५ चा झुडपी जंगल निर्णय. एवढ्या बिंदूंसाठी संगणकाची गरज नाही. एक कोरा कागद पुरतो. मोठ्या कामासाठी ‘पायेक’ किंवा ‘गेफी’ अशा संगणकप्रणाली उपलब्ध आहेत. यांपैकी पहिल्या नावाचा स्लोव्हेनियाच्या भाषेतील अर्थ कोळी असा असून, जाळे विणणाऱ्या प्रणालीस ते नाव शोभून दिसते.

काळाच्या क्रमाने पाहता पहिला महत्त्वाचा बिंदू १९५० चा निर्मूलन अधिनियम हा होय. गोंदियाच्या जमिनीचा इतिहास सांगणारा अधिनियम मध्य प्रदेशाच्या नावाने ओळखला जातो, याचे नवख्या वाचकास आश्चर्य वाटते. परंतु १९५६ पर्यंत हा मुलूख त्याच राज्यात होता. या अधिनियमाच्या कलम ४ मध्ये मालगुजारांकडून शासनाकडे निहित होणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. आपल्या भागातील माजी मालगुजारी तलाव शासनाकडे आले ते याच यादीतील तलाव या शब्दातून. त्या यादीच्या मूळ इंग्रजी पाठात ‘स्क्रब जंगल’ व ‘फॉरेस्ट’ ही पदे स्वल्पविरामाने वेगळी केलेली आहेत. झुडपी जंगल म्हणजे शब्दशः हेच ‘स्क्रब जंगल’. म्हणजे विधिमंडळाच्या दृष्टीने त्या वेळी झुडपी जंगल आणि वन या एकाच यादीतील, पण दोन भिन्न वस्तू होत्या. अधिनियमाच्या वैधतेस अहेरीच्या जमीनदारांसह अनेकांनी आव्हान दिले होते. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्या निर्णयाचा पुढे उल्लेख होतो तो मुख्यत्वे घटनात्मक प्रश्नांसाठी. यादीतल्या त्या स्वल्पविरामाकडे पाहण्याचे तेव्हा कोणास कारणही नव्हते.

निहित झालेल्या पडीक जमिनींचा गावाने कसा उपयोग करावा याची नोंद निस्तारपत्रकात होते. जमीन महसूल संहितेतील कलम १६१ व त्यापुढील तरतुदी या पत्रकाविषयी असून कलम १६५ वाजिब-उल-अर्जविषयी आहे. हे प्रकरण विदर्भापुरते लागू असल्यामुळे उर्वरित महाराष्ट्रातील वाचकास ‘निस्तार’ हा शब्द बहुधा परका वाटतो. गुरे चारणे, जळण, लाकूड, मुरूम, वाळू, माती अशा गरजांचा त्यात समावेश होतो. झुडपी जंगल ही नोंद या पत्रकांतून जिवंत राहिली, ती वनव्यवस्थापनाची नोंद म्हणून नव्हे, तर गावाच्या उपयोगाची जमीन म्हणून.

१९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनजमिनीचा वनेतर उपयोग करण्यास केंद्र शासनाची पूर्वमान्यता आवश्यक केली. परंतु ‘वन’ म्हणजे काय याची व्याख्या मूळ अधिनियमात दिली नाही. नकाशावर या वेळेपर्यंत दोन वेगळे पुंजके दिसतात : एका बाजूस महसुली दस्तऐवज, दुसऱ्या बाजूस वनविषयक अधिनियम. अधिनियमांच्या शब्दांत त्यांना जोडणारा थेट दुवा नाही. तो निर्माण झाला दि. १२ डिसेंबर १९९६ रोजी. गोदावर्मन खटल्यातील त्या आदेशाने दोन गोष्टी सांगितल्या : वन या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ घ्यावा, आणि मालकी कोणाचीही असो, शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेले कोणतेही क्षेत्र १९८० च्या अधिनियमाखाली येईल. या दुसऱ्या वाक्याने महसुली दप्तराचे दार उघडले. पत्रकात ‘जंगल’ हा शब्द होताच. त्याच्या आधीचे ‘झुडपी’ हे विशेषण जमिनीचे हिणकसपण सांगण्यासाठी होते. आता वजन पडले ते नामावर. १९५० च्या यादीतील स्वल्पविराम १९९६ मध्ये अशा रीतीने निष्प्रभ झाला.

मध्यस्थतेचे माप येथे प्रत्ययास येते. १९९६ चा आदेश नकाशावरून पुसून पाहावा. निस्तारपत्रकापासून वन (संवर्धन) अधिनियमापर्यंत जाणारी वाटच उरत नाही. २०२३ च्या सुधारणेने मात्र एक नवी वाट काढली. तिने घातलेल्या कलम १क नुसार वन म्हणून अधिसूचित जमिनींबरोबरच, दि. २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंद असलेल्या जमिनीही अधिनियमाखाली येतात, आणि अभिलेखांत महसूल विभागाचा अभिलेखही धरला आहे. त्याच कलमाच्या परंतुकात, दि. १२ डिसेंबर १९९६ रोजी वा त्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने वनेतर उपयोगासाठी बदललेल्या जमिनी वगळल्या आहेत. खटल्याचे नाव कलमात कोठेही नाही. फक्त तारीख आहे. केवळ नावे शोधणाऱ्या संगणकास येथे दुवा सापडणार नाही, पण जाणत्या वाचकास त्या तारखेत संपूर्ण आदेश दिसतो.

२०२५ च्या निर्णयातही हीच तारीख विभाजक रेषा ठरली. तोपर्यंत सक्षम प्राधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनी वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्य शासनाने केंद्राकडे मान्यता मागावी आणि त्यासाठी भरपाई वनीकरणाची अट लावू नये, असे न्यायालयाने सांगितले. नंतरच्या वाटपांना अधिक कठोर परीक्षा आहे. ते का झाले आणि कोणी केले, याचा हिशेब शासनास द्यावा लागतो. वाटप न झालेले, तीन हेक्टरपेक्षा लहान व कोणत्याही वनक्षेत्राला लागून नसलेले तुकडे भारतीय वन अधिनियमाच्या कलम २९ खाली संरक्षित वन म्हणून घोषित करण्याचा विचार व्हावा, असेही त्यात आहे. पूर्व विदर्भातील ज्या कुटुंबाचे घर अशा जमिनीवर आहे, त्याच्या दृष्टीने वाटपाच्या कागदावरील वर्ष हा आता नकाशातील सर्वांत महत्त्वाचा बिंदू आहे.

मराठी संहितेच्या अडचणी :

हे काम मराठी दस्तऐवजांवर करू गेल्यास काही अडचणी हमखास येतात. ‘निस्तार’, ‘निस्ताराचा’, ‘निस्तारपत्रकात’ ही रूपे संगणक वेगवेगळे शब्द म्हणून मोजतो; विभक्तिप्रत्यय सोडवून मूळ शब्दापाशी ती एकत्र आणावी लागतात. ‘झुडपी’ व ‘झुडुपी’ ही दोन्ही लेखने आढळतात. ‘सदर अधिनियम’, ‘उक्त कलम’ यांचा रोख कशाकडे आहे, हे मागची दोन पाने वाचल्याशिवाय कळत नाही, आणि यंत्र ती पाने माणसासारखी वाचीत नाही. स्थलनामांचाही घोटाळा आहे. गोंदिया जिल्हा दि. १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचे दस्तऐवज शोधताना भंडारा हेच नाव घ्यावे लागते. राज्याच्या नावाची स्थिती तर याहून बिकट : मध्य प्रांत, मध्य प्रदेश, मुंबई, महाराष्ट्र. एकाच गावाचे महसुली दप्तर या चार नावांच्या छत्राखालून गेले आहे.

याहून कठीण प्रश्न ‘त्या त्या वेळी अंमलात असलेला अन्य कोणताही कायदा’ या पदावलीचा. हा दुवा कोणाकडे काढावा? सर्वांकडे काढला तर नकाशा काळवंडतो, न काढला तर वर्चस्वाचे कलमच अदृश्य होते. प्रस्तुत लेखकाच्या मते असा दुवा नकाशात वेगळ्या चिन्हाने दाखवावा आणि मापे काढताना बाजूला ठेवावा.

शब्दाचा दुवा आणि वन हक्क :

नामोल्लेखांच्या जाळ्यावर शब्दांचे दुसरे जाळे अंथरले असता एक वेगळीच गोष्ट नजरेस येते. वन हक्क अधिनियमात महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा नामोल्लेख नाही. तरीही त्याच्या कलम ३(१)(ख) मध्ये सामूहिक हक्कांची गणना करताना ‘निस्तार’ हा शब्द स्पष्टपणे आला असून, संस्थाने, जमीनदारी वा तत्सम मध्यस्थ व्यवस्थेत वापरले गेलेले हक्कही त्यात धरले आहेत. मालगुजारी ही अशीच व्यवस्था होती. पुढील खंडात गौण वनोपज आहे, त्यापुढील खंडात मासे व जलाशयातील इतर उत्पादने आणि चराई आहे. म्हणजे निस्तारपत्रकापासून या अधिनियमापर्यंत एकाच शब्दाचे अंतर आहे. ते अंतर उल्लेखसूचीत मात्र दिसत नाही.

येथे एक युक्तिवाद संभवतो. झुडपी जंगल ही वनजमीन ठरली, तर वनजमिनीची वन हक्क अधिनियमातील व्याख्याही तिला लागू व्हावयास हवी. ती व्याख्या विस्तृत आहे. वर्गीकरण न झालेली, सीमांकन न झालेली आणि वन मानली गेलेली क्षेत्रेही तीत येतात. एकच शब्द बंधन आणीत असेल, तर त्याच शब्दाने हक्कही आणला पाहिजे. या युक्तिवादाचे न्यायिक मूल्य ठरविणे हे न्यायालयाचे काम होय. परंतु पत्रकातील ‘जंगल’ या शब्दाला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे त्याच पत्रकाच्या ‘निस्तार’ या नावाला मिळाले नाही, हे नकाशावरून निर्विवाद दिसते.

या संदर्भात कलम ३(२) कडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. १९८० च्या अधिनियमात काहीही असले तरी, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, तलाव, रस्ता, समाजमंदिर अशा तेरा सार्वजनिक सुविधांसाठी वनजमीन वळती करण्याची तरतूद त्यात आहे. अटी तीन : प्रत्येक बाबतीत क्षेत्र एक हेक्टरपेक्षा कमी असावे, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी. १९८० च्या अधिनियमाकडे जाणारा हा वर्चस्वाचा बाण नावानिशी आहे, निःसंदिग्ध आहे.

या बाणाचे महत्त्व गोंदियात अधिक, याला कारण आहे. वन हक्क अधिनियमाच्या कलम १३ मधून पंचायत (अनुसूचित क्षेत्रांपर्यंत विस्तार) अधिनियम, १९९६ कडेही दुवा जातो, आणि गडचिरोली वा चंद्रपूरच्या अनुसूचित गावांत तो जिवंत असतो. गोंदिया जिल्ह्याचा कोणताही भाग पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडत नाही. देवरी वा सालेकसा तालुक्यातील गोंड वस्तीच्या ग्रामसभेसाठी तो दुवा कागदावर असूनही तेथे वाट नाही. तिच्या हाती वन हक्क अधिनियम तेवढा आहे, आणि त्यासोबत कडा झिजलेली जुनी निस्तारपत्रके, जी कलम ३(१)(ख) खालील दाव्यास पुरावा म्हणून जोडता येतात.